बारा सेंटिमीटर

तळ्याकाठच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं शर्यतीच्या कॅटामरान बोटी आखतोय. दोन निमुळते तळ आणि मधोमध हवेचा बोगदा. वेगात ती हवाच बोटीला पाण्यावर तोलून धरते. हवेनं जरा जास्त उचललं, की बोट मागच्या मागे उलटते. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी त्या मार्चमध्ये वेग वाढावा म्हणून मी पेट्रोलची टाकी बारा सेंटिमीटर मागे घेतली. कार्बनचं कापड बसवणारा आमचा जुना कारागीर डेल्फो हातातलं काम थांबवून म्हणाला, "ओत्ताव्यो, नाक हलकं होईल रे. दुपारचा वारा सुटला की उडेल ही."

"तू कापड चिकटव, गणित मी बघतो."

सगळे हसले. डेल्फो मान खाली घालून कामाला लागला.

बोट चालवून बघायला तित्सियाना आली. आमच्या बोटी घेणाऱ्या शर्यतीच्या संघाची चालक; मित्राची मुलगी, मला काका म्हणणारी. दुसऱ्या फेरीत, सरळ पट्ट्यात, नाक वर गेलं ते गेलंच. बोट पाठीवर आपटली. पाणबुड्यांनी तिला बाहेर काढलं. मनगट आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या.

स्ट्रेचरवरून ती संघाच्या व्यवस्थापकाला म्हणाली, "माझंच चुकलं. नाक उचलायच्या बटणावर अंगठा जास्त वेळ राहिला असणार."

मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो.

संध्याकाळी बोटीची प्रत्येक हालचाल टिपणाऱ्या यंत्राच्या नोंदी उघडल्या. उलटायच्या आधी तिनं नाक खाली आणायचं बटण दाबलं होतं. तिच्या हातात होतं तेवढं सगळं तिनं केलं होतं. मी व्यवस्थापकाला कळवलं, पाणी शिरून नोंदी गेल्या.

संघानं तिला काढलं. डेल्फो रोज मला नेहमीसारखाच नमस्कार करायचा. ते जास्त लागायचं.

एकोणीस दिवसांनी तिला भेटायला गेलो. ती खिडकीपाशी बसली होती.

"काका, मला ते बटण दाबलेलं आठवतच नाही. आता या अंगठ्यावर भरवसा कसा ठेवू, सांगा ना."

मग मात्र मी सांगून टाकलं. टाकीचं, डेल्फोचं, नोंदींचं.

"कधीपासून माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळपासून."

तिनं चांगल्या हातानं मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "व्यवस्थापकांना फोन लावा. इथंच, माझ्यासमोर."

लावला. व्यवस्थापकानं आमच्याकडच्या पुढच्या दोन बोटींची मागणी रद्द केली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. डेल्फो म्हणाला, "मीच तेव्हा जरा नेट लावून बोलायला हवं होतं." मला त्याच्याकडे बघवेना.

संघानं तिला परत घेतलं. सप्टेंबरमध्ये ती दुसऱ्या कारखान्याच्या बोटीत उतरली आणि चौथी आली. मी गर्दीत मागे उभा राहून शर्यत पाहिली. खाली धक्क्यावर जायचं धाडस झालं नाही.