गल्ली कशी आहे, ते उखळाला विचारा

वाकून बघा. भिंतीकडं नको, कोनाड्याकडं नको, खाली. ओसरीच्या जमिनीत ताटाएवढं गोल भोक दिसतंय ना, तिथून मी बोलतोय. मी उखळ. गळ्यापर्यंत पुरलेला आहे, म्हणून उठून या-बसा म्हणता येत नाही, राग मानू नका. लोक म्हणतात, अमक्याचं उखळ पांढरं झालं. माझं म्हणाल तर जन्मभर लालच राहिलं. मिरच्यांनी.

मला घडवलं एका पाथरवटानं. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा सबुरीचा. या घराचा आधीचा मालक बद्रीनाथ, त्याच्या आजोबांनी बैलगाडीत घालून मला भोकरदनला आणलं आणि नव्या घराच्या ओसरीत खड्डा करून पुरलं. तेव्हा वाटलं, संपलं आपलं, जिवंतपणी माती मिळाली. पण तेच पुरणं कामी आलं. पुढं घरात भाऊबंदकी झाली, वाटण्या झाल्या, हंडे गेले, बैल गेले, देवघरातल्या घंटेवरूनसुद्धा दोन भाऊ महिनाभर बोलत नव्हते. मी मात्र कुणाच्याच वाट्याला गेलो नाही. घर ज्याचं, त्याचा मी.

गल्लीत दुसरं एवढं मोठं उखळ नव्हतं. त्यामुळं उन्हाळा लागला की सगळ्या घरच्या मिरच्या, हळकुंडं, मसाले माझ्याकडं. मुसळाचा आवाज झाला की बायका आपोआप जमायच्या. एक कांडायला, एक चाळायला, आणि दोन नुसत्या बोलायला. कोणाची सून कामचुकार, कोणाचा नवरा घुम्या, मला सगळं ठाऊक. मुसळाबरोबर जीभ चालते आणि जिभेबरोबर माणूस उघडा पडतो.

गल्लीचे दोन रिवाज होते. ज्या घरी मयत झालं, त्या घरची चूल दहा दिवस पेटायची नाही. सकाळ-संध्याकाळ भाकरी शेजारच्यांनी न्यायची, घरागणिक पाळी लावून. आणि ते दहा दिवस गल्लीत कढई चढायची नाही, फोडणी द्यायची नाही, माझ्यात मुसळ पडायचं नाही. रडणाऱ्या घराच्या कानावर कांडणाचा आवाज जाऊ नये म्हणून. माझ्या अंगाला तेवढीच विश्रांती, पण ती विश्रांती मला कधी गोड लागली नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि बद्रीनाथनं मुलाकडं औरंगाबादला जायचं ठरवलं. बायको, सामान पुढं गेलं, घर विकायला निघालं.

घर घ्यायला येणारी माणसं मोठी मजेशीर असतात. पुरुष सगळे वर बघतात. तुळया ठोकतात, माळवद गळतं का विचारतात, भिंत अंगठ्यानं टोकरतात. शेजार कसा आहे, हे क्वचितच कुणी विचारी. विचारलंच तर बद्रीनाथ हात पसरून सांगे, "बिलकुल सोन्यासारखी मानसं!" आणि मी खाली गालातल्या गालात हसे.

त्यातच देवानंद मास्तर आले. शाळेत शिकवायचे, गाव पिंपळगाव रेणुकाई. छप्पन सालानंतर ज्या घरांत बुद्धाची तसबीर लागली, त्यांतल्या एका घरातले, आणि त्या घरातून नोकरीला लागलेले पहिले. भोकरदनला भाड्याच्या खोल्या बदलून बदलून ते टेकीला आले होते. आधी खोली रिकामी असायची, आडनाव सांगितलं की भरलेली निघायची. नदीपलीकडं त्यांच्या लोकांची नवी वस्ती उठत होती, पण जागा सखल. हे घर त्यांना मनापासून आवडलं. बद्रीनाथनं शब्द दिला. समोरच्या रामरावनं त्याला बाजूला घेऊन "दुसरं गिऱ्हाईक बघ की" असं सुचवलं, तेव्हा बद्रीनाथ म्हणाला, "तुला पाह्यजे व्हतं तर आधी बोलायचं व्हतं." हा माणूस घंटेसाठी भावाशी भांडला होता खरा, पण शब्दाला पक्का.

आता अडलं होतं ते एकाच ठिकाणी. मास्तरांची आई, केशरबाई. नवऱ्यामागं त्या माउलीनं रोजगार करून पोराला शिकवलं, आणि आता ती पिंपळगावात एकटी राहत होती. भाड्याच्या खोलीत यायला तिनं साफ नकार दिला होता. आयुष्यभर लोकांनी ऊठ म्हटलं की उठत आले, म्हातारपणी उठणार नाही, असं तिचं म्हणणं. तिला घर पटलं तर माय-लेक एका छपराखाली येणार होते, नाहीतर नाही.

बाजाराच्या दिवशी मास्तर तिला घेऊन आले. ठेंगणी, काटक बाई. काखेत बाजारातून घेतलेल्या मिरच्यांचं गाठोडं.

"माय, ही तुळई बघ, सागाची हाय," मास्तर म्हणाले.

"मला तुळई दाखवून नको राहू. तुळईसंगं बोलत बसायचंय का मला?" ती म्हणाली. "शेजारी कोण हाईत?"

"तू बघ अन् तूच सांग. तू न्हाई म्हनलीस तर न्हाई घेत. पर नदीपल्याड जागा घेतली तर पावसाळ्यात केळना दारात येती, येवढं ध्यानात ठेव."

"पानी येतं अन् जातं. पानी ऊठ म्हनत न्हाई."

शाळेची वेळ झाली म्हणून मास्तर गेले. बद्रीनाथला बाजारात काम होतं. "बसा निवांत, घर बघा," म्हणून त्यानं किल्ली तिच्या हातात दिली आणि तोही गेला. केशरबाईनं घराकडं पाहिलंसुद्धा नाही. ती ओसरीवर आली, आणि तिची नजर माझ्यावर पडली. इतक्या गिऱ्हाइकांत मला पाहिलेलं हे पहिलं माणूस. तिनं पदरानं माझं पोट पुसलं, कोपऱ्यातलं मुसळ घेतलं, गाठोड्यातल्या मूठ-दोन मूठ मिरच्या टाकल्या आणि स्वतःशीच म्हणाली, "कांडल्याबिगर गल्ली कळायची न्हाई."

केवढी शहाणी बाई! मुसळाच्या आवाजाला कोण येतं, काय विचारतं, हात लावतं की लांब उभं राहतं, यावरून ती शेजार पारखणार होती. पण नेमकं त्याच गल्लीत, चार घरं सोडून, उषाबाईचा नवरा तातेराव दोनच दिवसांपूर्वी गेला होता. पोरंबाळं नसलेलं घर, आणि उषाबाईनं तेव्हापासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं. बद्रीनाथ स्वतः मातीला जाऊन आला होता, पण मुसळाचं सुतक पुरुषाच्या जातीला कुठून सुचणार? मला सुचत होतं. पण माझ्या तोंडात मिरच्या!

पाच-सात घाव पडले असतील, तोच शेजारची गोजरबाई दारातून ओरडली, "ए बाई! मुसळ ठेव खाली! ऊठ तिथून, ऊठ आधी!"

मुसळ थांबलं. केशरबाईनं मुसळ भिंतीला टेकवलं, अगदी हलक्या हातानं. कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कडेवर ठेवली.

"उठले," ती म्हणाली. "तुमचं उखळ तुम्हाला लखलाभ."

आणि मिरच्या माझ्या पोटात तशाच सोडून ती ताठ मानेनं निघून गेली. जन्मभर मिरच्या खाल्ल्या, पण त्या दिवशीची आग वेगळी होती.

समोरून रामराव म्हणाला, "बरं झालं वहिनी, परस्पर कटकट गेली."

"काय बरं झालं? कोण व्हती ती?"

"मास्तरची माय. त्या लोकांची. तुम्ही ऊठ म्हनलं ते झ्याक केलं."

गोजरबाईचा हात तोंडावर गेला. "अवो, मी उषाचं सुतक म्हनून वरडले! तिला वाटलं आसंल..." मग रामरावकडं वळून असं काही बोलली की ते मी दगड असूनही सांगू शकत नाही. चप्पल न घालताच ती स्टँडकडं पळाली.

स्टँडवर काय झालं ते मी पाहिलेलं नाही. गोजरबाईनं पुढं इतक्या वेळा सांगितलं आणि दर वेळी इतकं वाढवलं, की शेवटी शेवटी तिनं एसटीपुढं आडवं पडून गाडी थांबवली होती. मला दिसलं ते एवढंच, की दोघी परत आल्या. भांडत आल्या.

"सुतक व्हतं तर सुतक हाय म्हनायचं! ऊठ काहून म्हनली?"

"आवो, तोंडातून गेलं! मला काय ठाऊक तुम्ही कोण ते?"

"अन् ठाऊक आसतं तर?"

गोजरबाई ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. पदरानं घाम पुसला.

"खोटं कशाला बोलू, केशरबाई," ती म्हणाली. "ठाऊक आसतं तर काय बोलले आसते, सांगता येत न्हाई. आमच्या तोंडाला सवयच तशी पडलेली. पर आज मी सुतकासाठी वरडले, हे माझ्या लेकराची आन."

मला वाटलं, झालं, हिनं हातानं घालवलं. पण केशरबाई तिच्याकडं बघतच राहिली. मग येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली.

"आतापस्तोर गोड बोलणारे लई भेटले," ती म्हणाली. "खरं बोललीस तू. कोण गेलं म्हनलीस?"

गोजरबाईनं सगळं सांगितलं. तातेराव गेला, उषा खात नाही, भिंतीला टेकून बसून राहते. आणि मग म्हणाली, "आज सांजची भाकर या घराची हाय. बद्रीनाथची. पर तो तर चालला घर सोडून. मंग कोन देणार, म्हनून सकाळपासून गल्लीत कचाकचा चालू हाय."

"पाळी घराची आसती का मानसाची?"

"घराची."

केशरबाईनं माझ्या कडेवरची किल्ली उचलली. "मंग चूल दाव. अन् पीठ दे तुझ्या घरचं, माझ्याकडं नुस्त्या मिरच्या हाईत."

बाबांनो, घराचा सौदा मी ऐकून आहे. विसार देतात, साक्षीदार बोलावतात, पेढे वाटतात. पण न घेतलेल्या घराची पाळी आधी उचलणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आत चूल पेटली. बद्रीनाथची बायको गेल्यापासून थंड पडलेलं घर धुरानं भरलं. बिनफोडणीचं पिठलं शिजलं. भाकऱ्या थापल्याचा आवाज भिंतीतून माझ्यापर्यंत येत होता, आणि मला, खरं सांगतो, रडू येत होतं.

शाळा सुटून मास्तर आले ते धूर बघून धावतच. "माय! चूल कोनं पेटवली? घर आपलं झालं न्हाई आजून!"

"झालं," केशरबाई आतून म्हणाली. "तू कागदाचं बघ."

मास्तर माझ्याजवळच खाली बसले. डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत काढला.

गोजरबाई म्हणाली, "द्या, मी नेते भाकर." केशरबाईनं दुरडी दिली नाही. घराची पाळी, तर घरवालीनंच न्यावी. दोघी गेल्या. नंतरचं गोजरबाईनंच सांगितलं, आणि एवढं मात्र तिनं कधीच वाढवून सांगितलं नाही. दारात दुरडी पाहून रामराव आणि आणखी एक-दोघं उठून चालते झाले. उषाबाईनं मान वर करून विचारलं, "कोण?" केशरबाई म्हणाली, "बद्रीनाथच्या घरातली. नवी." उषाबाईनं बसल्या जागी थोडं सरकून आपल्या घोंगडीवर जागा केली आणि म्हणाली, "बसा." केशरबाई बसली. आपलाही नवरा असाच भर उमेदीत गेल्याचं तिनं सांगितलं. अर्धी भाकरी उषाबाईनं खाल्ली, आणि उरलेली केशरबाईला खायला लावली. दोघी एकाच ताटात जेवल्या.

सुतक फिटल्यावर घराचे कागद झाले. मास्तरांची बायको बेबीनंदा आली आणि राहिलेल्या मिरच्या तिनं, उषाबाईनं आणि गोजरबाईनं मिळून कांडल्या. सगळी गल्ली एकदम आली असं समजू नका. रामरावच्या घरी पाठवलेला वानोळा कितीदा तरी परत आला. केशरबाई दर वेळी तो गोजरबाईला देऊन टाकी आणि पुढच्या वेळी पुन्हा पाठवी. "त्याचा धर्म परत करायचा, माझा पाठवायचा. बघू कोन दमतं." अखेर रामराव दमला नाही, पण त्याची सून दमली. एका दुपारी मिरच्यांचा डबा घेऊन ती गुपचूप ओसरीवर आली. केशरबाईनं दुसरं मुसळ तिच्या हातात दिलं.

आता एकोणऐंशी साल आहे. बाजारात मिरची कांडायचं यंत्र आलंय, तासाभराचं काम घडीत करतं. माझ्यात हल्ली चिमण्यांसाठी पाणी असतं. मास्तर ओसरीला शहाबादी फरशी घालणार आहेत, आणि गवंड्यानं मला बुजवायचं की ठेवायचं असं विचारलंय. ठेवलं तर आनंद आहे. बुजवलं तरी माझी तक्रार नाही. दगडाच्या जातीला कोण विचारतं? मला मात्र चांगली माणसं मिळाली, घर ज्याचं त्याचं होताना बघायला मिळालं. पाथरवटाचे उपकार, खड्डा खणणाऱ्या आजोबांचे उपकार, आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत एकटीनं खाली बघणाऱ्या त्या बाईचे सगळ्यांत जास्त. तुमच्यापाशी एकच मागणं. घर घ्यायला जाल, तेव्हा तुळया मागाहून ठोका.

परवा पलीकडचं घर बघायला कोणी नवरा-बायको आले होते. नवरा माळवद बघत होता. बायको मात्र इकडं ओसरीपाशी आली आणि केशरबाईला दबक्या आवाजात विचारू लागली, "मावशी, गल्ली कशी हाय?"

केशरबाई शेंगा फोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"भांडखोर हाय," ती म्हणाली. "घ्या जल्दी."