लाकूड दाजींचं, लोखंड मेव्हण्याचं

सुताराने मागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं तेव्हा गल्ली पोट धरून हसली आणि बायकोने कपाळाला हात लावला. हसला नाही तो एकच, बायकोचा धाकटा भाऊ, गाड्यांचा मेकॅनिक. उलट तोच मोटारीचं एक जुनं इंजिन घेऊन दारात हजर झाला. पण दोघेही एकापेक्षा एक हेकट. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसलं की दिवसभर अबोला. म्हणून वाटणीच करून टाकली. लाकूड दाजींचं, लोखंड मेव्हण्याचं, आणि कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. ही वाटणी इतकी सुरळीत चालली की दोघे ती चारचौघांत मिरवायला लागले. तिथेच घात झाला.

सुताराने एकट्याने दोन-चार छोट्या फेऱ्या मारल्या होत्या. आज पहिल्यांदाच मेव्हणा शेजारच्या सीटवर बसला. निघताना बायको म्हणाली, "एकुलता एक भाऊ आहे माझा." एवढंच बोलून ती आत गेली. तिने थोडी आदळआपट केली असती तर सुताराला बरं वाटलं असतं.

मैदान मागे पडलं, झाडं खाली गेली आणि इंजिन एकदा खोकलं. मेव्हण्याने झटकन मान वर केली. त्याचा चेहरा सुताराला अजिबात आवडला नाही.

"काय झालं रे?"

"थांबा जरा." तो कान देऊन ऐकत होता. इंजिन पुन्हा खोकलं. "पेट्रोल पोचत नाहीये. दाजी, टाकी आतून साफ केली होतीत ना?"

"मी? टाकी तुझ्याकडे होती."

"माझ्याकडे कशी? प्लास्टिकची आहे ती!"

ती टाकी कित्येक महिने, झाकण न लावता, सुताराच्याच टेबलाखाली पडून होती. वर तो पंखांच्या फळ्या घासत बसायचा आणि भुसा खाली पडत राहायचा. लाकडाची नाही, लोखंडाची नाही, त्या टाकीला कुणी वालीच नव्हता.

इंजिन बंद पडलं. समोरचं पातं आडवं थांबलं आणि नुसता वारा ऐकू यायला लागला.

"माघारी वळवा! मैदान मागेच आहे!"

"एवढ्या खालून वळलो तर गोटा होऊन पडू."

समोर नांगरलेलं शेत, शेताच्या टोकाला दोन झाडं, झाडांपलीकडे घरांची रांग. शेत तोकडं होतं. झाडांमधून घुसलं तर पंख तुटतील, पण वेग मरेल आणि माणसं वाचतील. ते पंख त्याने पोटच्या पोरासारखे जपले होते. त्याने काळजावर दगड ठेवला आणि नाक बरोबर मधोमध धरलं.

दोन्ही पंख एकदम गेले. मग धूळ, आणि पेट्रोलचा वास.

सुतार धडपडत बाहेर पडला. मेव्हणा आतच होता. इंजिन मागे सरकलं होतं आणि पुढची तुळई त्याच्या पायावर दाबून बसली होती. तापलेल्या लोखंडाशेजारी पेट्रोल टपटपत होतं.

"दाजी, तुम्ही लांब व्हा."

"गप्प बस."

सुताराने तुळईला खांदा लावला. ती हलेना. सांधा त्याने स्वतः बसवला होता, मन लावून. जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्या हाताचा राग आला. त्याने लाथा घातल्या, शिव्या घातल्या, शेवटी पाठ लावून सगळा जीव ओतला तेव्हा लाकूड कडकन मोडलं. त्याने मेव्हण्याला काखेत धरून ढेकळांतून बांधापर्यंत ओढत नेलं. मेव्हण्याचा पाय नको त्या बाजूला वळला होता.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"उतरलात का?" बायकोने विचारलं.

"उतरलो. तू ये."

मग पलीकडून अगदी हळू, "दोघेही आहात ना?"

सुताराने फोन मेव्हण्याच्या कानाला लावला. इतका वेळ कण्हत असलेल्या त्या पोराने दात आवळले.

"आहे गं ताई," तो रोजच्या आवाजात म्हणाला, आणि शुद्ध हरपली तशी त्याची मान सुताराच्या हातावर कलंडली.