उरलेली चार बोटं

मित्रांनो, चेंडू हरवला की तुम्ही ज्या कडुनिंबाखाली शोधायला येता, त्याच्या बुंध्यावर एक लाकडी पेटी टांगलेली आहे. पुढे गोल भोक, वर उतरतं छप्पर. ती जुनी पेटी म्हणजे मी. पाखरांनी घरटं करावं म्हणून मला बनवलं. दिसायला मी देखणी आहे, असं सगळे म्हणतात. माझ्यात आजवर सात पिल्लं जन्मली. त्यातलं एकही उडालं नाही.

हे मी आजच सांगतेय, कारण आज सकाळी दयाळ पक्ष्याची मादी घरट्यासाठी चोचीत एक बारीक मूळ घेऊन आत आली आणि ते ठेवून गेली. आता माझ्या हातात फार दिवस नाहीत. हात नाहीतच म्हणा, पण बोलायची रीत असते.

मला अच्युतरावांनी घडवलं. ते मूळचे वर्ध्याचे, पण तीस वर्षं भोपाळच्या या सरकारी कारखान्यात. त्यांचं काम तपासणीचं. तेल भरायच्या लोखंडी टाक्या तयार झाल्या की त्या कुठे गळतात का, ते बघायचं. त्यांनी पास केलेली टाकी कधी परत आली नाही. असा माणूस पाखराचं घर बनवायला बसला तर काय बनवणार? टाकीच.

यंत्रांच्या खोक्यांच्या जुन्या फळ्या त्यांनी आणल्या. रंधा मारला. मग पॉलिशपेपर घासला; आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. बाहेरून घासला तसा आतूनही. वर पॉलिशचे तीन हात.

"आत कोण बघणार आहे?" नलिनीताईंनी विचारलं. त्या त्यांच्या पत्नी.

"पाखरू बघेल ना," अच्युतराव म्हणाले.

मग सांध्यांत रबराच्या पट्ट्या बसवल्या, भोकाला बूच मारलं, मला काठोकाठ पाणी भरून दिवसभर व्हरांड्यात ठेवलं. एक थेंब गळला नाही. शेजारच्या क्वार्टरमधले यशवंतराव चहाला आले होते. मला वरून खालून बघून म्हणाले, "अच्युतभाऊ, यात पाखरू राहणार की मासा?"

अच्युतराव हसले नाहीत. पत्र्याचं छप्पर आठ बोल्टांनी आवळून त्यांनी मला या झाडावर चढवलं. त्यांच्या रिटायरमेंटला तेव्हा दोन वर्षं उरली होती. नलिनीताई खाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "क्वार्टर सोडायच्या आधी एकदा तरी इथून पिल्लं उडताना दिसू देत. तीस वर्षं राहिलो, पण भिंतीतला खिळासुद्धा आपला नाही. हे तेवढं आपलं."

मित्रांनो, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. आज आठवलं की लाज वाटते.

पहिल्या उन्हाळ्यात दयाळाची जोडी आली. नर काळा-पांढरा, नेटका, शेपूट ताठ, पहाटे या फांदीवर बसून गायचा. मादी राखी आणि अबोल. तीन पिल्लं निघाली. आणि मेमध्ये गरम वाऱ्याची लू सुटली. माझ्यात हवा यायला फट नव्हती, ठेवलीच नव्हती. वरचा पत्रा तव्यासारखा तापला. पिल्लं चोची उघड्या ठेवून धापा टाकू लागली. आई भोकाशी बसून पंखांनी वारा घालायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे पंख थांबले, कारण वारा घालायला आत कुणी उरलं नव्हतं.

अच्युतरावांनी मला उघडून तिघांना बाहेर काढलं. मग पत्रा काढून लाकडी छप्पर बसवलं, रबर उपटलं, वर दोन्ही बाजूंना चार चार भोकं पाडली, आणि मला सावलीच्या बाजूला वळवलं. चूक कळली की सुधारायची, हा त्यांचा स्वभाव. पण कळायला ती दिसावी लागते.

दुसऱ्या उन्हाळ्यात चार पिल्लं. आत बेताचा गारवा. चौघंही वाढली, पिसं आली, पंख भरले. मला वाटलं, सुटले मी. मग एके सकाळी आई बाहेरच्या फांदीवर बसून बोलावू लागली. चोचीत किडा, पण आत येईना. पिल्लांनी बाहेर यावं म्हणून आया असंच करतात. थोरल्याने उडी मारली. नखं माझ्या भिंतीवर टेकली आणि सरकली. पुन्हा उडी, पुन्हा घसरगुंडी. भोक तळापासून एक वीत, म्हणजे बारा बोटं उंच, आणि मधे अच्युतरावांचं पॉलिश. झाडाच्या ढोलीत नखाला धरायला खाच असते, खवला असतो. माझ्यात काहीच नव्हतं. आई आत येऊन भरवून जायची, पण रोज कमी. चौघं तीन दिवस उड्या मारत होती.

खाली नलिनीताई म्हणाल्या, "फार ओरडतात हो. उघडून बघायचं का?"

"छे वहिनी," यशवंतराव म्हणाले. "माणसाचा हात लागला की आई टाकून जाते."

हे खरं नसतं म्हणे. पण कळकळीने सांगितलेली गोष्ट खोटी पाडायला धीर लागतो.

चौथ्या दिवशी माझ्यात सगळं शांत झालं. आणि मित्रांनो, त्या शांततेचा अर्थ खाली वेगळाच लागला. "पहाटेच उडाली वाटतं," अच्युतराव म्हणाले, "आपण झोपेत होतो." नलिनीताईंनी शिरा केला. चार क्वार्टरांत वाट्या गेल्या. कुणीतरी माझ्या झाडाच्या बुंध्याला हळदकुंकूही लावलं. मी वर लटकून ऐकत होते. चौघं माझ्या पोटात होती. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडले असते, पण तोंडाच्या जागी मला नुसतं भोक आहे.

यंदा फेब्रुवारीत, रिटायर होऊन क्वार्टर सोडायच्या दिवशी, अच्युतरावांनी साफसफाईसाठी मागे राहिलेल्या एका पान्याने माझे बोल्ट काढले. आत बघितलं आणि स्टुलावरच बसले. नलिनीताईंनी त्यांना उतरवलं आणि स्वतः चढल्या. जे होतं ते पदरात घेतलं. मग हात आत घालून तळवा भिंतीवरून फिरवला. वरून खाली, खालून वर.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हा तर माझा पिठाचा स्टीलचा डबा झालाय. यातून झुरळसुद्धा वर येत नाही."

"खरवडायला हवं," अच्युतराव म्हणाले. पण कानस, पटाशी, बाकी सगळी हत्यारं आदल्या दिवशीच पहिल्या ट्रकने वर्ध्याला गेली होती. दुसरा ट्रक दारात उभा. क्वार्टर ताब्यात घेणारा बाबू कुलूप हातात घेऊन घड्याळ बघत होता.

नलिनीताईंनी बांधलेलं एक पोतं सोडून नारळाची खवणी काढली. तिच्या दात्यांनी भोकाखालची भिंत आतून ओरबाडायला घेतली, आडव्या रेघा, जवळजवळ. पिल्लं तळाशी असतात म्हणून तळापासून सुरुवात केली. कसं सांगू, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आठ बोटं उंचीपर्यंत शिडी झाली.

"आंटीजी, स्टूल दे दो," ड्रायव्हर म्हणाला. "रस्सी बाँध रहे हैं।"

"दो मिनट, भैया."

"दो मिनट करते-करते नागपुर में रात हो जाएगी।"

त्या उतरल्या. छप्पर दोनच बोल्टांवर, नुसत्या हाताने बसवलं. "यशवंतराव, वरची चार बोटं राहिलीत. एवढं कराल ना?"

"रविवारी करतो, वहिनी. निश्चिंत जा."

माणूस वाईट नाही. गुडघे दुखतात त्यांचे, आणि स्टुलावर चढायचं म्हणजे जीव घाबरतो. चार रविवार झाले. रोज सकाळी नर गायला लागला की ते चहाचा कप घेऊन खाली येतात, मान वर करून समाधानाने ऐकतात. "वहिनींना कळवायला हवं," असं परवा स्वतःशीच म्हणाले, "जोडी परत आली म्हणून."

मित्रांनो, मी मादीला हाकलायचा प्रयत्न केला. वाऱ्यावर करकरले, छप्पर खडखडवलं. तिने मान वाकडी करून ऐकलं आणि आत आली. तिलाही मी देखणीच दिसत असणार.

चार बोटं. मोठ्या माणसाची चार, तुमची पाच-सहा धरा. तेवढी उंची खवणीने, खिळ्याने, फुटक्या कौलाच्या तुकड्याने ओरबाडा. माझं पॉलिश बिघडू द्या. बोल्ट हाताने सुटतात, पाना लागत नाही. ती किडे शोधायला जाते तेव्हा पाच मिनिटं मिळतात. अंडी पडायच्या आत करा. आणि जमत नसेल तर मला खाली पाडा, फोडा, शेकोटीत घाला. मी रागावणार नाही. कुणासाठी काही घडवाल तेव्हा बाहेरून नंतर बघा. आधी आत हात घाला आणि त्याच्या नखांनी विचार करा.

थांबा. ती परत येतेय. चोचीत दुसरं मूळ आहे.