हिरव्या पडद्याची लाल किनार

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे आणि नाटकाचाही नव्हे. दवाखान्यात पेशंटला तपासताना मध्ये उभा करतात, तसा लोखंडी चौकटीचा, तीन पानांचा, हिरव्या कापडाचा. मला चाके आहेत. त्यांतले एक वाकडे असल्यामुळे मला ढकलले की मी आधी डावीकडे जातो आणि मग जिथे न्यायचे तिथे. मित्रांनो, माझ्या गोष्टीत काही भाग मोठ्या माणसांचा आहे. पण आपल्या आईच्या, मावशीच्या मनात काय चालते हे थोडे लवकर कळले तर काही बिघडत नाही.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागे एका शेडमध्ये गोविंदा नावाच्या कारागिराने पाइप वाकवून माझी चौकट केली. "वीस वर्षं हलायची नाही," तो म्हणाला होता. आता चाळीस होत आली. त्याच्या शब्दाची मी लाज राखली आहे.

माझी पहिली नोकरी कल्याणच्या एका दवाखान्यात होती. तिथे कुटुंबनियोजनाची शिबिरे भरत. बायका टेम्पोतून येत, टेम्पोतूनच परत जात. एका शिबिरात सखुबाई नावाची बाई माझ्याआड झोपली होती. डॉक्टरांनी विचारले, "ऑपरेशन करायचं ना?" उत्तर आले, "हो हो, करून टाका." पण तो आवाज तिचा नव्हता. माझ्या पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या दिराचा होता. तिने फक्त माझी किनार मुठीत घट्ट धरली.

जखम छान भरली. तरी सखुबाई येत राहिली. कधी पाठ दुखते, कधी हंडा उचलवत नाही, कधी आपण निम्मेच उरलो असे वाटते. औषधांनी गुण येईना. एकदा ती हळूच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही." त्याच दिवशी तेच ऑपरेशन झालेली दुसरी एक बाई मात्र महिन्याने हसत आली होती. "आता कुठं निवांत झोप लागते," म्हणाली. ती स्वतःहून आली होती. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच. फरक कुठे होता ते मला, एका पडद्यालाही कळले.

पुढे मला अडगळीत टाकले. फवारणीचा मोडका पंप आणि सलाइनचे स्टँड यांच्या शेजारी मी कित्येक वर्षे धूळ खात उभा होतो. तिथून मला ठाण्याला, माजिवड्याजवळच्या एका प्रसूतिगृहात पाठवले आणि मी मंदाकिनी सिस्टरांच्या हाती लागलो. त्यांनी मला सोड्याच्या पाण्याने धुतले, चाकांना तेल दिले आणि आपल्या खोलीच्या कोपऱ्यात उभे केले.

सिस्टरांचे दोन नियम होते. पहिला, पडद्याआड बाई एकटी बसणार. सोबतची माणसे लांबच्या बाकावर. दुसरा, पहिल्या दिवशी कुणाचीही सही घ्यायची नाही. "आठ दिवस मनात घोळव. मग ये," त्या म्हणत. एखादा नवरा पुढे येऊन म्हणे, "माझी सही कुठं करायची?" त्यावर सिस्टर चष्म्यावरून बघत. "तुमचं पोट आहे का साहेब? नाही ना? मग बसा."

बायका माझ्याआड बसल्या की त्यांचा हात नकळत माझ्या किनारीकडे जाई. बोलता बोलता त्या दोरे ओढत. हळूहळू एकाच उंचीवर माझी किनार पार उसवून गेली. मला त्याचे वाईट वाटले नाही.

गेल्या वर्षी तिथे जोविटा आली. तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. सोबत तिची सासू ज्युलियाना, लाल चौकटीचे लुगडे नेसलेली. तिचे गुडघे इतके धरले होते की लांबच्या बाकापर्यंत तिला जाववेना. सिस्टरांनी दयेपोटी तिला माझ्या पलीकडेच स्टुलावर बसू दिले. तेवढी त्यांची चूक झाली. मी नजर अडवतो, आवाज अडवत नाही.

"ऑपरेशन करून टाका हिचं," ज्युलियाना पलीकडून म्हणाली. "चर्चला हे चालत नाही, पण फादर काय बोलायचे ते मला बोलतील. तीन झाली, पुरे. मला सून पायजे, फोटो नको."

"आजी, मी तिला विचारतेय," सिस्टर म्हणाल्या. "जोविटा, तुला काय वाटतं?"

जोविटाची बोटे माझ्या दोऱ्यांत गुंतली. "परत दिवस गेले तर मी मरेन, असं वाटतं. क्लेटन जवळ आला तरी मी बाळ रडतंय सांगून उठते. त्याला वाटतं, मी रागावलेय. आणि ऑपरेशनचं नाव काढलं की आमचा ओवेन दिसतो. त्याला सारखी धाप लागते. उद्या त्याला काही झालं तर? मग मी काय करू? वाट कायमची बंद केलेली असेल."

पलीकडे स्टूल करकरले.

"जोवी," ज्युलियानाचा आवाज एकदम खाली आला होता. "क्लेटनच्या आधी माझा एक होता. बेसिल. चार वर्षांचा गेला तापात. सगळे बोलले, दुसरा होईल, जागा भरेल. क्लेटन झाला. पण तो क्लेटनच झाला गं. बेसिलची जागा तशीच आहे."

"मम्मी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तोंड बघून कसं बोलणार? चर्चमध्ये कन्फेशनला, फादरपुढं कबुली देताना, मध्ये जाळी असते ना, ती उगाच नसते. आज हा पडदा आहे म्हणून बोलले." मग ती म्हणाली, "मी तुझ्यामागं लागले ते भीतीनं. तू गेली असतीस तर आणखी एक जागा रिकामी झाली असती. पण ठरव तुझं तू. मी आता एक शब्द बोलायची नाही."

जोविटा रडत होती आणि हसतही होती. "एक शब्द? तुम्ही?"

मग सिस्टरांनी सगळे सावकाश सांगितले. ऑपरेशन म्हणजे काय. गर्भाशयात बसवायची तांबी म्हणजे काय, ती कितीतरी वर्षे चालते आणि हवी तेव्हा काढता येते. पुरुषाचे ऑपरेशन तर आणखी सोपे असते. "क्लेटनचं?" जोविटा म्हणाली. "तो सुई बघूनच आडवा होतो!"

आठ दिवसांनी ती परत आली. क्लेटन ओवेनला मांडीवर घेऊन लांबच्या बाकावर बसला होता. ज्युलियानाही त्या दिवशी कशीबशी तिथवर गेली. "तांबी," जोविटा म्हणाली. "ऑपरेशनचं पुढं बघेन. आत्ता मला फक्त भीतीशिवाय राहायचंय." तिने सही केली. ते कळल्यावर ज्युलियानाने कपाळाला हात लावला, पण शब्द पाळला.

त्यानंतर एकदा ज्युलियाना सुई-दोरा घेऊन एकटीच आली. तिने आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या उसवलेल्या किनारीवर शिवली. हिरव्यावर लाल! सिस्टर हसू लागल्या. ज्युलियाना म्हणाली, "बायांना धरायला काही मजबूत नको?"

आता खोलीत छताला नवे सरकते पडदे लागणार आहेत. मला भंगारात देतील की अडगळीत ठेवतील, ठाऊक नाही. मित्रांनो, माझे काय व्हायचे ते होवो. पण घरातली बाई स्वतःच्या देहाविषयी काही ठरवत असेल तेव्हा तिच्यासाठी एक कोपरा राखा. तिच्या वतीने 'हो' म्हणू नका, 'नाही'ही म्हणू नका. विचारा, आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबा.

परवा जोविटा तपासणीला आली होती. माझ्याआड बसली, ओवेनच्या शाळेचे सांगितले, क्लेटनची नक्कल केली. मी वाट बघत होतो. पण लाल किनार हाताशी असूनही तिने ती धरली नाही. तिचे दोन्ही हात बोलण्यात गुंतले होते.