भिंगावरचं कुंकू

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. जुना, पण वापरून जुना झालेला नाही. अर्धापूरजवळच्या एका गावातल्या शाळेत कपाटात बसून बसून जुना झालो.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा भिंगं पुन्हा पुन्हा पुसून पाहिली होती. पेटीतून शाळेत उतरलो त्या दिवशी पोरांनी नुसता गलका केला. पण मुख्याध्यापक शेषेराव सरांना धास्ती, की पोरांच्या हातून फुटलो तर दुसरा कोण देणार? त्यांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. मनाने सर वाईट नव्हते. दरवर्षी खंडेनवमीला ते मला बाहेर काढत, झेंडूचं फूल वाहत, अंगठ्याने कुंकू लावत. पोरं हात जोडून रांगेने पुढे सरकत. मलाही तो मान गोड लागायचा, खोटं कशाला बोलू?

लुंबिनी नावाची एक मुलगी मात्र हात जोडून थांबायची नाही. तिची आई कोंडाबाई केळीच्या बागेत कामाला जाई. लुंबिनी तिथून करपा रोगाचे काळे ठिपके पडलेली पानं आणायची आणि विचारायची, "सर, ह्या ठिपक्यात काय हाय? यातून बघू का?"

सर म्हणायचे, आधी धडा पाठ कर, मग बघू.

तिने धडा पाठ केला. माझी आकृती काढली, एकूण एक भागाला नाव दिलं, परीक्षेत पहिली आली. मला डोळा मात्र एकदाही लावला नव्हता. हळूहळू तिचं पानं आणणं बंद झालं. सरांना वाटलं, पोरगी वळणावर आली.

निकालानंतर त्यांनी मोठ्या कौतुकाने कपाट उघडून तिला बोलावलं. आज बघ, हे तुझं बक्षीस, म्हणाले.

लुंबिनी हात मागे बांधून उभी राहिली. "हे परीक्षेला हाय का, सर?"

"न्हाई."

"मग राहू द्या."

त्या दुपारी सरांनी डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला. एका चांगल्या पोरीची जिज्ञासा आपणच कुलपात घातली, हे त्यांना कळून चुकलं होतं. मीही मान खाली घालून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यातल्या टेबलावर मांडलं. हवं ते आणा, हवं ते बघा, कुणाला विचारायचं नाही, असं पोरांना सांगितलं. पोरं आली, नमस्कार करून निघून गेली. मला हात लावायचा असतो, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं! सर खिडकीतून बघत आणि ओशाळत. लुंबिनीला बोलवावं असं त्यांना फार वाटे, पण आता तिला भाग पाडायचं नव्हतं.

एका मधल्या सुट्टीत ती आपणहून आली. केळीच्या पानाचा पातळ तुकडा काचपट्टीवर ठेवून तिने माझ्या भिंगाला डोळा लावला.

"सर, नुसतं लालच दिसून राहिलंय. पान कुठंय?"

सर लगबगीने आले. वाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कुंकू हाय ते, बेटा. मीच लावलेलं." भिंग पुसायला त्यांनी खिशातला रुमाल काढला, मग थांबून तिच्यापुढे धरला. "तूच पूस."

तिने हलक्या हाताने भिंग पुसलं, चक्री फिरवली आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. नमस्कार करणारी पोरं भोवती गोळा झाली.

"सर, ठिपक्यात बारीक बारीक धागे हायत. हे पानाच्या आत शिरले कसे?"

"मला ठाऊक न्हाई," सर म्हणाले. "आपण दोघं शोधू."

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखं कुणीतरी कपाटात बसलेलं असेल. त्याला फूल वाहू नका. त्याची किल्ली मागा, आणि नाही म्हणाले तर उद्या पुन्हा मागा. लुंबिनीने मागणं सोडलं, तेव्हा कुठे सरांना आणि मला जाग आली, तीही फार उशिरा.