डब्बीपुढची समई

मी बोलतोय, भिंतीवरचा थर्मोस्टॅट. तुम्ही दचकू नका. या घरात दचकायचं काम माझ्याकडे आहे. खोली जरा गार झाली की मी दचकतो, 'टक्' करतो आणि हीटरला वीज सोडतो. पुरेशी ऊब आली की पुन्हा 'टक्', आणि वीज बंद. इथे मला थर्मोस्टॅट कोणी म्हणत नाही, डब्बी म्हणतात. म्हणू देत.

माझ्या पोटात दोन धातूंची एक चिकटवलेली पट्टी आहे. ऊब लागली की ती वाकते, गारठा आला की सरळ होते. मला दिसतं सगळं, ऐकूही येतं, पण त्याचा काडीचा उपयोग नाही. माझ्या अंगाला जे लागेल तेवढंच पट्टीला कळतं, आणि चालतं ते तिचंच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या सगळ्या काळजीचं मूळ तिथे आहे.

माझा जन्म रशियातला. भिलाईचा कारखाना उभारायला आलेल्या एका इंजिनियरच्या बायकोनं, लिदियाबाईंनी, मला हीटरसकट ट्रंकेत घालून इथे आणलं. इथल्या उन्हाळ्याबद्दल त्यांना कोणी सांगितलं नसावं. वर्षाचे दहा महिने मी कपाटात पडून असायचो आणि आता माझी गरज संपली, या विचारानं झुरायचो. अठ्ठावन्नच्या डिसेंबरात ती दोघं मायदेशी निघाली, तेव्हा त्यांनी मला पंजाबरावांना देऊन टाकलं.

पंजाबराव त्या इंजिनियरसाहेबांच्या हाताखाली कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर, कामाला होते. आमगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आता कारखान्याच्या सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचे. घरात बायको नलू आणि आई भागीरथाबाई. नलूला आठव्या महिन्यातच मुलगी झाली होती, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "खोली रात्रंदिवस एकसारखी उबदार हवी. वजन वाढेपर्यंत हेच तिचं औषध. आणि शेगडी नको, धूर कोंडतो."

लिदियाबाई स्वतः येऊन मला भिंतीवर लावून गेल्या. भाषा येत नव्हती, म्हणून हातांनी सांगितलं. माझं आकड्यांचं चाक शेवटपर्यंत फिरवलं आणि 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवली. मग ते पंचवीस अंशांवर आणलं, नखांना लावायच्या लाल रंगाचा तिथे ठिपका दिला, आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. म्हणजे आता याला हात लावायचा नाही.

पण हात लावल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही. सकाळी गारठा वाटला की भागीरथाबाई माझं चाक थेट शेवटाला नेत. तासाभरानं खोली भाजायला लागली की खिडकी उघडत. मग पुन्हा गारठा, पुन्हा चाक. माझा जीव टांगणीला लागायचा. अहो, चाक पूर्ण फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. हीटर तापायचा त्याच चालीनं तापतो; थांबायचं कुठे, एवढंच मला कळेनासं होतं.

एकदा पंजाबरावांनी पाहिलं.

"माय, कावून फिरवून राहिली त्याले?"

"पोरीले थंडी वाजून राहिली ना. पुरं फिरवलं तं लवकर तापन."

"नाई तापत. आमची नवी भट्टी पाह्य ना, दीड महिना झाला, रोज थोडी थोडी तापवून राहिलो. एकदम आच देली तं विटा तडकतात."

"पोरगी काय वीट हाय?"

"विटेहून नाजूक हाय, माय."

त्या दिवसापासून भागीरथाबाईंनी माझ्या चाकाला बोट लावलं नाही. लाल ठिपका, आणि माझी आपली टक्-टक्. मुलगी दूध ओढायला लागली. वजनाला नेलं तर चार पौंडांची साडेचार झाली होती. नलू पहिल्यांदा हसली ती मी त्या दिवशी पाहिली. मला मात्र काळजी होतीच. आज वीज गेली तर? माझी पट्टी अडकली तर?

जे झालं ते मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं.

जानेवारीत एके दिवशी मावठा आला. सकाळपासून भुरभुर पाऊस आणि दाराच्या फटीतून घुसणारा वारा. पंजाबराव पहिल्या पाळीला गेले होते. भागीरथाबाईंनी आंघोळ केली, माझ्यासमोर आल्या, कुंकवाचं बोट लावलं, डोक्यावर झेंडूचं फूल ठेवलं. माझ्या खाली एक फळी होती, तिच्यावर पाच वातींची समई पेटवून ठेवली आणि हात जोडले.

"तुह्यामुळं माही नात जगून राहिली, बापा."

खरं सांगतो, मी सुखावलो. आजवर मला कोणी हात जोडले नव्हते. समईची ऊब खालून अंगाला लागली, पोटापर्यंत गेली, आणि पट्टी वाकली. टक्. हीटर बंद झाला.

तासाभरानं माझ्या लक्षात आलं. खोली गार पडत होती आणि माझं अंग गरम होतं. समोर पलंगावर नलू बाळाला शेजारी ठेवून, सकाळी चढलेल्या तापानं ग्लानीत पडलेली. बाळ आधी रडलं, मग कण्हलं, मग गप्प झालं. मी पट्टीला विनवत होतो, सरळ हो गं बाई, सरळ हो! ती कशाला ऐकते? भागीरथाबाई मधूनच येऊन समईत तेल घालत. माझा आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून निर्धास्तपणे तांदूळ निवडायला जात. मी माझं काम अगदी चोख करत होतो, आणि त्यानंच ते लेकरू हातचं जाणार होतं.

तिनाच्या सुमारास पंजाबराव भिजून आले. दाराच्या आवाजानं नलू जागी झाली.

"अहो, पोरगी दूध घेऊन नाई राहिली. पाय पाहा ना कसे गार झाले!"

त्यांनी पायांना हात लावला. मग हीटरला. मग माझ्याकडे पाहिलं. चाक लाल ठिपक्यावरच होतं. मग त्यांची नजर समईवर गेली. भट्टीवर ज्योत थेट लागेल तिथे तापमान मोजायचं नाही, हे त्यांना रोज घोकवलेलं होतं. त्यांनी समई उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. ओला सदरा काढला, अंग पुसलं, बाळाला उघड्या छातीशी धरून वरून घोंगडी घेतली.

माझं अंग निवलं. टक्.

ती टक् एवढी उशिरा का आली, म्हणून मी आजही स्वतःला खातो. पाऊण तासानं बाळ रडलं. तसं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

"काय झालं होतं रे?" दारात उभ्या भागीरथाबाईंनी विचारलं. त्यांच्या बोटांना तेल आणि काजळी होती. पंजाबरावांनी त्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "डब्बीची वायर ढिल्ली झाली होती, माय. मशीनचा काय भरोसा!" आणि पेचकस आणून माझा घट्ट असलेला स्क्रू उगाच आवळला.

तेव्हापासून माझं फूल-कुंकू बंद झालं. मी 'कामचोर डब्बी' झालो. दर हिवाळ्यात माझी धूळ पुसताना भागीरथाबाई मला चार शिव्या घालत. मी ऐकून घेतल्या. त्या म्हातारीला खरं कळण्यापेक्षा ते परवडलं. मुलीचं नाव ललिता ठेवलं, ती शाळेत जायला लागली.

आता त्याच पलंगावर भागीरथाबाई निजून आहेत. छातीत कफ आहे, अंगात त्राण नाही. काल संध्याकाळी ललिता समई घेऊन आली आणि त्याच फळीवर ठेवायला लागली. मी गारठलोच.

"तिथं नोको ठेवू," म्हातारी म्हणाली.

"कावून, आजी?"

"डब्बीले आच लागते. तिले वाटते, खोली तापली. मंग ते चुप बसते, अन् पलंगावरचं माणूस गारठून जाते."

पंजाबराव दारातच थबकले. "माय, तुले कोणं सांगतलं हे?"

"कोणं सांगा लागते? तू समई उचलली, अन् जराशानं टक् वाजलं. मी काय बहिरी होती?"

"मंग सात वर्षं डब्बीले शिव्या कावून देल्या?"

"तू माह्यासाठी खोटं बोलला होता ना रे. ते मी कशी उघडं पडू देऊ?"

पंजाबराव आईच्या पायांशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. थोड्या वेळानं म्हातारीनं माझ्याकडे मान वळवली. "लय शिव्या खाल्ल्या बापा तू," एवढंच म्हणाली. ललितानं समई दूर कोनाड्यात ठेवली.

माझी पट्टी आता थकली आहे. वाकते, पण सरळ व्हायला वेळ लावते. आज बाहेर पुन्हा वारा सुटला आहे. चाक लाल ठिपक्यावर आहे, हीटर बंद आहे, आणि माझं अंग मला सांगतंय की खोली उबदार आहे. पण मी एकदा असाच फसलोय. ललिता, बाळ, माझ्याकडे बघू नकोस. आजीच्या पायांना हात लावून बघ.