बिनशिट्टीचा ब्रेक पॅड

मी एक ब्रेक पॅड बोलतोय. गाडीत होतो तेव्हा चकार शब्द काढला नाही, म्हणून आता बोलून घेतो. वेळेवर बोललो असतो तर एका मॅडमचा आणि एका आजींचा जीव टांगणीला लागला नसता. पण गप्प राहणं हाच तर माझा मोठेपणा! माझ्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलंच होतं, 'अजिबात आवाज नाही'.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जन्म कसला, पोलादाची एक पाटी, तिच्यावर गोंद, गोंदावर काळ्या भुकटीचा थर आणि वरून गरम यंत्राचा दणका. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी धरायचं आणि स्वतः झिजून गाडी थांबवायची, हे आमचं काम. थर फार झिजला की मालकाला कळावं म्हणून आमच्या कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी असते. ती तबकडीला घासून अशी किंचाळते की बहिऱ्यालाही ऐकू यावं. तिला शिट्टी म्हणतात.

मला शिट्टी नाही. त्यात कारखान्याला बोल लावू नका हं! शेजारच्याच रांगेत, त्याच भट्टीत, माझे सख्खे भाऊ शिट्टी लावून तयार होत होते. ते दुसऱ्या कुठल्याशा देशात निघाले होते. आमच्या रांगेपाशी मात्र तुमच्याकडचे एक आयातदार शेठ उभे होते. कारखान्याच्या बाईंनी विचारलं, "दर्जा कुठला हवा?"

"खोकं एकदम पहिल्या दर्जाचं करा."

"आणि आतला माल?"

"खोक्यात मावला म्हणजे झालं!"

मग शेठनी शिट्टीवर बोट ठेवलं. "ही काढा. आवाज आला की आमची गिऱ्हाइकं माल परत आणतात." थर जरा पातळ ठेवा, गोंदही हात राखून लावा, हेही सांगून झालं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मुकाट्यानं लिहून घेतलं. खोक्यासाठी मात्र शेठ दोन दिवस ठाण मांडून बसले. सोनेरी रंग मनासारखा उतरेना म्हणून त्यांनी चार वेळा नमुना परत केला. मला कुणी नखसुद्धा लावून पाहिलं नाही. 'तपासलेले' हा शिक्का खोक्यावर आधीच छापलेला होता, मग तपासायचं कशाला?

जहाजातून उतरून मी आलो तो गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका मॅडमकडे. शिकवण्याच्या गाडीत ब्रेक दोन पायांखाली असतो, एक शिकणाऱ्याच्या आणि एक मॅडमच्या. म्हणजे दोघांच्याही लाथा मलाच.

मॅडमचा धाकटा भाऊ मिस्त्री होता. आधीचे पॅड शिट्टी वाजवायला लागले, तशा मॅडम तणतणत त्याच्या गॅरेजात आल्या.

"अरे, काय हा आवाज! शिकायला येणारी माणसं म्हणतात, मॅडम, तुमची गाडी रडते. लाज वाटते मला."

"ताई, ते झिजलेत म्हणून वाजतायत. त्यांचं कामच आहे ते."

"ते मला शिकवू नकोस. वाजणारे नकोत, बस्स!"

भावानं मान खाजवली आणि फळीवरून माझं खोकं काढलं. मला हातात घेऊन टिचकी मारली आणि जरा थबकला. काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ताईपुढे तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. "हे जन्मात वाजणार नाहीत," एवढंच तो म्हणाला. खरंच होतं ते.

मग आल्या आजी. वय त्रेसष्ट. आजोबांना दिसेनासं झालं होतं आणि त्या भल्या माणसानं घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. गाडी सरळ शेजाऱ्यांच्या फाटकात घातली तेव्हा कळलं. आता त्यांना दवाखान्यात कोण नेणार? आजी हट्टानं शिकायला आल्या.

आजींना ब्रेक फार प्रिय. कबुतर दिसलं, ब्रेक. उभ्या गाडीशेजारून जायचं, ब्रेक. मागून कुणी हॉर्न वाजवला, तरी ब्रेक!

"अहो आजी, मागच्यासाठी कशाला थांबता?"

"बघू तरी त्याला काय हवंय ते!"

मॅडम हसायच्या. "दाबा बिनधास्त. नवे टाकलेत, हूं नाही की चूं नाही." मी मनातल्या मनात फुगायचो आणि तिकडे माझा थर दिवसेंदिवस पापुद्र्याएवढा होत चालला होता. तो किती उरलाय हे सांगायचं माझ्याकडे काही साधनच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मैदानाकडे जाताना लांबलचक उतार लागला. आजी वरपासून ब्रेक दाबून होत्या. मी तापलो, हात राखून लावलेला गोंद सुटला आणि उरलासुरला थर निखळून पडला. त्याच खोक्यातल्या माझ्या जोडीदारांचीही तीच गत झाली. नुसती पाटी तबकडीवर घासली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून आवाज फुटला. खर्रर्र!

"मॅडम, थांबत नाहीये हो!"

मॅडमनी आपला पाय दाबला. पाय दोन, पण ब्रेक तोच. खाली एक बाई बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडत होती. मॅडम ओरडल्या, "गिअर खाली! हँडब्रेक ओढा, हळूहळू!" आणि कबुतराला घाबरणाऱ्या त्या आजींनी तो शांतपणे ओढला, चाक वळवलं आणि गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगाऱ्यात नेऊन रुतवली. ती बाई फोनवर बोलत पलीकडे गेली. तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

गॅरेजात भावानं मला काढलं आणि लगेच निकाल दिला. "परदेशी माल, ताई! असाच असतो. पण दुकानदार चांगला आहे, बदलून देतोय." आणि त्यानं तेच सोनेरी खोकं पुढे केलं.

"ह्याचाच भाऊ ना हा?" मॅडमनी खोकं परत सारलं. "परदेशाचं सोड रे. वाजणारे नकोत, हे मीच म्हणाले. आणि तुला सगळं ठाऊक असून तू गप्प का बसलास?"

"तू ऐकतेस का कुणाचं?"

गाडीबरोबर आजीही गॅरेजात आल्या होत्या. त्यांनी मला उचलून तळहातावर घेतलं. "आमचे हेही असेच. कसलीच तक्रार नाही. मी मैत्रिणींत मिरवायचे, आमच्या ह्यांचा कटकट करायचा स्वभावच नाही म्हणून. त्या फाटकापर्यंत मिरवलं."

आता मी मॅडमच्या टेबलावर शिकणाऱ्यांच्या अर्जांवर वजन म्हणून बसतो. गोंद न लागणारं हे एक काम मला बरं जमतं. शेठचं खोकं अजून तसंच विकलं जातंय, ऐकतो. माझी एवढीच विनंती आहे की गाडीत काही किंचाळलं तर गाण्यांचा आवाज वाढवू नका हो, गाडी मिस्त्रीकडे न्या.

आजी दुसऱ्या वेळी पास झाल्या. परवा मॅडमना पेढ्यांऐवजी आजोबाच दाखवायला घेऊन आल्या. आजोबा गाडीतून उतरता उतरता कुरकुरत होते, वारा फार लागतो, वळणावर पोटात ढवळतं, आणि उजवा डोळा आज जास्तच दुखतोय.

आजींनी त्यांचा हात धरला. "बोला," त्या म्हणाल्या, "सगळं सांगा. मी ऐकतेय."